खसचे पडदे

आमच्या जमादारांना जगात एकच काम येत होतं, आणि त्या एका कामानं आमच्या कोंबड्या मरत होत्या. हे वाक्य मी आज सरळ लिहिते आहे. त्या नौतप्यात, म्हणजे रोहिणीच्या पहिल्या नऊ तापत्या दिवसांत, मात्र ते माझ्या घशाशी येऊन बसलं होतं आणि मी ते रोज पाण्याबरोबर गिळत होते.

जमादार म्हणजे माझे यजमान, अप्पासाहेब. चोवीस वर्षं ते संस्थानच्या फरासखान्यात होते. तंबू, गालिचे, चांदवे सांभाळायला तिथं पुष्कळ माणसं होती. उन्हाळ्यातले वाळ्याचे पडदे मात्र यांचे. आम्ही इंदूरकर त्यांना खसचे पडदे म्हणतो. बांबूच्या चौकटीत मुळ्या किती दाट भरायच्या, सुतळी कुठं आवळायची, पाणी किती वेळानं आणि कसं मारायचं, हे यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. महालाच्या दारांवर यांचे पडदे लागले की म्हणे वैशाखात पाहुणे आत शाल मागत. ही शालीची गोष्ट मी लग्नापासून ऐकते आहे. शाल दरवर्षी जाड होत गेली.

मग अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि फरासखान्याला कुलूप लागलं. यांच्या निम्म्या वयाच्या एका कारकुनानं हातात कागद दिला आणि म्हणाला, "जमादारजी, अब तो बिजली के पंखे हैं." एवढंच बोलला तो. पण हे घरी आले, पगडी खुंटीला लावली आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले, ते अडीच वर्षं. जेवायला उठत, अंघोळीला उठत, पण माणूस म्हणून उठले नाहीत. लेकीच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि पुन्हा येऊन आडवे झाले. मी चिडले, रडले, उपास केले, एकदा तर खाटेखाली मिरच्यांची धुरी दिली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्याकडे सुंभ शाबूत होता आणि पीळच जळून गेला होता.

त्यांना उठवलं ते कोंबड्यांनी. माझा भाचा शरदचंद्र सरकारच्या जनावरांच्या खात्यात होता. तो म्हणाला, "मावशी, सांवेर रोडची तुमची जमीन पडूनच आहे ना? विलायती मुर्ग्या ठेवा." त्यानंच शेडचा नकाशा काढला: गुडघाभर विटांची भिंत, वर चारी बाजूंनी तारेची जाळी, माथ्यावर पत्रा. "हवा खेळती राहू द्या," असं तो एकदा म्हणाला होता. पाहुणा जाताजाता जसं काही म्हणतो तसं. नंतर त्याची बदली ग्वाल्हेरला झाली आणि त्याचं वाक्यही त्याच्याबरोबर गेलं.

एकशे वीस कोंबड्या आल्या. पांढऱ्या, लाल तुऱ्याच्या, मेमसाहेबांसारख्या नाजूक. शहरातली बडा गणपतीजवळची खोली सोडून आम्ही शेडशेजारी दोन खणांचं घर बांधून राहिलो. पहिले आठ दिवस हे खाटेवरूनच बघत होते. नवव्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते, तर मागून हाक आली, "भानू!" वळून बघते तो हे दोन्ही हातांच्या ओंजळीत एक अंडं घेऊन उभे. म्हणाले, "गरम आहे गं अजून." अडीच वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. मी पदरात तोंड खुपसून रडले आणि अंडं उकडून त्यांनाच खाऊ घातलं.

तेव्हापासून कोंबड्या म्हणजे हे आणि हे म्हणजे कोंबड्या. सगळ्यांना नावं ठेवली. खाट ओसरीत उभी करून ठेवली, दिवसा तिला पाठ लागली नाही. फक्त एकदा, दाण्याच्या मापावरून माझ्या तोंडून गेलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" माझी जीभ म्हणजे अशीच. त्यांनी हातातलं माप खाली ठेवलं. खाट आडवी केली, भिंतीकडे तोंड केलं आणि तीन दिवस तसेच पडून राहिले. त्या तीन दिवसांत मी देवाला कबूल केलं की यापुढे हा माणूस दिवसाला रात्र म्हणाला तरी मी दिवा लावीन.

त्रेपन्नचा उन्हाळा आला. आमच्या माळव्यात रात्री गार पडतात म्हणून आम्ही मिरवतो, पण त्या वर्षी मेमध्ये दिवस असा तापायचा की पत्र्याकडे बघवत नसे. पत्र्याला चुना लावला, वर कडब्याचा थर घातला. तरी दुपारी कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकायच्या, पंख अंगापासून लांब धरायच्या, आणि आठवड्यात पाच-सहा गेल्या. मेलेली कोंबडी मांडीवर घेऊन हे बसले तेव्हा माझं लक्ष खाटेकडे गेलं. पण ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "बघच आता. शाल मागतील."

गाडीभर वाळा आला. आठ दिवस हे पडदे भरत होते. पंचावन्नाव्या वर्षी बोटं रक्ताळली तरी ओठांवर शीळ. रोहिणी नक्षत्र लागायच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, चारी बाजूंच्या जाळीवर पडदे चढले. जमिनीपासून पत्र्यापर्यंत, बोटभर फट नाही. सोमवारी नौतपा सुरू झाला. मी विहिरीतून घागरी ओढत होते, हे पितळी लोट्यानं पाणी मारत होते, आणि असा सुगंध सुटला की रस्त्यानं जाणारे गाडीवान बैल थांबवून विचारायचे, "भिया, कौन राजा उतरे हैं इधर?" हे छाती काढून म्हणायचे, "हमारी मुर्गियां!" मला इतका अभिमान वाटला की घागरींचं ओझं कळलं नाही.

संध्याकाळी पडदा उचलला तर नऊ मेल्या होत्या.

"पहिला दिवस आहे," हे म्हणाले. "वाळा अजून पुरता भिजला नाही. उद्या दुप्पट पाणी मारू."

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास हे विहिरीवर पाय धुवायला गेले असताना मी अंडी गोळा करायला आत शिरले. पडदा माझ्यामागे सुटला. सुगंध होता, सावली होती, हाताला पडदा गार लागत होता. पण चार श्वास घेतले आणि पाचवा येईना. भाताच्या तपेलीवर झाकण ठेवतात ना, त्या झाकणाखाली मी उभी होते. अंगाला घाम फुटला आणि तो वाळेचना. बाहेर लू, म्हणजे तापलेला वारा, भाजून काढत होती, पण बाहेर माझा घाम क्षणात वाळायचा; इथं तो तसाच चिकटून राहिला. आणि कोंबड्या? त्या शेडभर नव्हत्याच. उत्तरेकडच्या पडद्याला कोपऱ्यात वीतभर फाटलं होतं, तिथं सगळ्या एकीवर एक चढल्या होत्या. त्या भोकातून चोची बाहेर काढून हवा पीत होत्या. जिला तिथं जागा मिळाली नाही ती मधोमध मरून पडली होती.

मला तिथंच कळलं. फारशी शिकलेली नाही मी, पण एवढं कळायला शाळा लागत नाही.

बाहेर आले तर हे समोर. मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं, कोपऱ्यातली गर्दी बघितली आणि कपाळावर हात मारला. "अगं, भोक पडलंय तिथं! त्यातून सगळी लू आत येतीये! म्हणून मरतायत! भानू, दाभण आण. शिव ते आत्ताच्या आत्ता."

त्यांच्या मागे ओसरीत खाट उभी होती.

मी दाभण आणलं. कोंबड्यांच्या चोची एका हातानं आत ढकलत दुसऱ्या हातानं मी ते भोक शिवलं. सुतळी दुहेरी घेतली, टाके जवळ घातले. एक कोंबडी माझ्या बोटाला चोचीनं धरून बसली होती, ती सोडेचना. हे शेजारी उभे राहून म्हणाले, "पक्कं शिव हं."

त्या रात्री मी जेवले नाही. सांगितलं, उपास आहे.

बुधवारी सकाळी गंगूबाई आली. रस्त्यापलीकडे चिंचेखाली तिचं झोपडं. वीसेक गावठी कोंबड्या, त्यांना ना छप्पर ना जाळी. हे गावात वाळा आणायला गेले होते. बारदानावर ओळीनं ठेवलेल्या मेलेल्या कोंबड्या बघून ती खालीच बसली.

"भानूबाई, हे काय केलं? मुर्ग्यांना पर्देवाली राणी बनवलं का तुम्ही?"

"गरमी किती आहे, गंगूबाई."

"गरमी तो मला पण आहे. मग मी काय संदूकमध्ये जाऊन बसू? अहो, मुर्गीला पसीना येत नाही. ती मुंडी वर करून हवा ओढते अन् गरमी तोंडानंच बाहेर फेकते. तुम्ही हवा बंद केली, वर गीली केली. बिचारीनं फेकायची कुठं?" ती उठून एका पडद्याला हात घालायला लागली. "हटवा हे. एक बाजूला राहू द्या, जिकडून लू येते तिकडं. बाकी खुल्लं. अन् दुपारी दाणा नका घालू, फक्त पानी ठेवा."

मी तिचा हात धरला. "नको गंगूबाई. यांना विचारल्याशिवाय नको."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला समजतंय ना, मी काय बोलते?"

"समजतंय."

"मग?"

काय सांगणार होते मी तिला? की त्या कारकुनानं एकदा सांगितलं, तुमचं काम आता नको, तर अडीच वर्षं गेली. आणि मी सांगितलं की तुमचं काम मारतंय, तर उरलेली सगळी जातील? ती गेली, जाताना चार शिव्या मला देऊन गेली. मला त्या कमी वाटल्या.

मग मी चोरट्या युक्त्या केल्या. शेडच्या मागच्या बाजूला बसून पडद्याच्या मुळ्या बोटांनी उपसल्या, मुठीएवढी चार भोकं पाडली. तासाभरात यांना ती दिसली. "घुशी!" म्हणाले, आणि चिंध्या कोंबून बुजवली. मी दाराचा पडदा विसरल्यासारखा वर ठेवला; हे ओरडत आले, "सगळा गारवा चालला बाहेर, तुझं लक्ष कुठं असतं!" मी घागरी अर्ध्या भरून आणायला लागले, की निदान ओल कमी होईल. तर हे स्वतः पोहरा टाकून बघायला गेले. तोवर विहिरीनंही तळ दाखवला होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मला तर आनंदच झाला. मी म्हटलं, देवा, आटव ती विहीर. पण हे शेजारच्या मळ्यातून बैलगाडीवर पिंप भरून घेऊन आले.

मी खोटं बोलत होते, तेही हातांनी. तोंडातून ब्र काढत नव्हते. बुधवारी संध्याकाळी सव्वीस कोंबड्या बारदानावर होत्या. हे एकेकीचं नाव घेत होते.

गुरुवारी वारा पडला. सकाळी नऊ वाजताच चिंचेचं पान हलेना. अकराला आतून येणारा धापांचा आवाज बदलला, घरघर लागली. हे वेड्यासारखे पाणी मारत होते. लोटा टाकला, बादली घेतली. पडद्यांतून पाणी निथळून शेडभोवती चिखल झाला होता. "अजून," म्हणत होते, "अजून आण, भानू, अजून थोडं. महालात कधी असं झालं नाही. कधीच नाही." त्यांचे डोळे लाल झाले होते, पगडी केव्हाच चिखलात पडली होती, आणि ते माझ्याकडे असे बघत होते जसं लहान मूल हातातलं मोडल्यावर आईकडे बघतं. आतून धप्प धप्प आवाज येत होते. दांडीवरून कोंबड्या खाली पडत होत्या.

माझ्या हातातली घागर सुटली. फुटली. मला ते सांगता येत नव्हतं, आणि न सांगताही राहवत नव्हतं. शेवटी जे निघालं ते हे:

"अहो, तुम्ही एकदा आत जाऊन बसा."

"मी?"

"हो. पडदा सोडून. पाच मिनिटं. मी बाहेरून पाणी मारते."

ते थबकले. मी त्यांना सिंहासनावर बसायला सांगितल्यासारखे थबकले. मग दारापाशी गेले, आणि पडद्यासमोर त्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या. चिखलात, मरणाऱ्या कोंबड्यांच्या शेडसमोर, वहाणा काढून नीट जोडून ठेवल्या. पडदा उचलला, वाकून आत गेले. पडदा खाली सुटला.

मी पाणी मारलं. डाव्या कोपऱ्यापासून उजवीकडे, वरून खाली, जसं ते मारतात तसं. आत शांत होतं. मग ते खोकले. मग पुन्हा खोकले. मी बादली ठेवली आणि देवाचं नाव घेत उभी राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी पडद्याला हात घालणार इतक्यात तो वर झाला. हे बाहेर आले. सदरा अंगाला चिकटलेला, तोंड जांभळं, काखेत एक कोंबडी, मान लोंबकळलेली.

"भानू," ते म्हणाले, "आत हवाच नाही."

मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"महालात असं कसं होत नव्हतं गं?"

"मला काय ठाऊक? तिथं तुम्ही होतात."

"मी कुठं होतो?" ते चिखलातच बसले. "मी बाहेर होतो. पडदा सुटला की आत जायचा हुकूम नव्हता आम्हाला. चोवीस वर्षं मी पडद्याच्या या बाजूला उभा होतो. आतून नुसता ओढायच्या पंख्याच्या दोरीचा आवाज यायचा. करकर, करकर. मला वाटायचं, गारवा माझ्या पाण्याचा." त्यांनी कोंबडी अलगद खाली ठेवली. "समोरची दारं उघडी असतील. असतीलच ना? हवा जायला कुठूनतरी वाट असेल. मी कधी पाहिलंच नाही. शाल मागायचे हेसुद्धा मला एका हुजऱ्यानं सांगितलं होतं."

ते उठले, घरातून विळा आणला आणि पूर्वेच्या पडद्याच्या दोऱ्या सपासप कापल्या. पडदा चिखलात आडवा झाला. मग दक्षिणेचा. आत हवेची एवढीशी झुळूक गेली असेल, पण खाली पडलेल्या दोन-चार कोंबड्यांनी माना उचललेल्या मी पाहिल्या. पश्चिमेचा, लूच्या बाजूचा, त्यांनी तसाच ठेवला. उत्तरेच्या पडद्याशी आले आणि विळा धरलेला हात थांबला.

कोपऱ्यातल्या टाक्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. दुहेरी सुतळी, जवळजवळ टाके.

"इथंच सगळ्या जमल्या होत्या," ते म्हणाले. "मंगळवारी."

"हो."

"तू आत गेली होतीस तेव्हा. म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

"आणि तरी तू हे शिवलंस."

माझी जीभ, जिनं आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही, ती टाळूला चिकटली. मी नुसतं ओसरीकडे बोट केलं. तिथं भिंतीला टेकून खाट उभी होती.

त्यांनी खाटेकडे पाहिलं. मग बारदानाकडे पाहिलं, जिथं बुधवारच्या आणि गुरुवारी सकाळच्या पांढऱ्या कोंबड्या पडल्या होत्या. मला वाटलं, आता हे विळा टाकतील, ओसरीत जातील, खाट आडवी करतील, आणि मीही गेले आणि कोंबड्याही गेल्या. आगीतून फुफाट्यात. आणि दोन दिवस आधी बोलले असते तर यातल्या निम्म्या तरी जिवंत असत्या, हे मला उरलेला जन्म ऐकू येत राहील.

ते खरंच ओसरीत गेले. खाट आडवी केली. परत आले, माझा दंड धरला आणि मला नेऊन त्या खाटेवर बसवलं.

"बस. चार दिवस पाणी ओढतीयेस," ते म्हणाले. "आता मी आणतो."

मी बसले आणि मग मला उठताच येईना. रडं आवरत नव्हतं. उत्तरेचा पडदा माझे टाके घेऊन खाली आला. शेडमध्ये किती जिवंत होत्या ते अजून आम्ही कुणीच बघितलं नव्हतं. चाळीस असतील, कमीही असतील, आणि नौतप्याचे पाच दिवस बाकी होते. हे भरलेली बादली घेऊन पश्चिमेच्या पडद्यासमोर उभे राहिले. हात वर गेला आणि तसाच थांबला.

ते माझ्याकडे वळले. चोवीस वर्षांत हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

"भानू, किती मारू?"

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "आत जाऊन बघा."